मधली काच

काचवाला कुणाच्याही घरी गेला तरी आधी खिडकीपाशी जायचा. तावदानावर बोटाचा डाग दिसला की शर्टाची बाही ओढून तो पुसणार आणि मगच खुर्चीवर टेकणार. तीस वर्षं काचा कापून, बसवून गड्याला ही खोडच जडली होती. लोकांना वाटायचं, माणूस मोठा टापटिपीचा. बायको म्हणायची, "टापटीप? चपला कुठं काढल्यात ते बघा आधी."

बाहेरच्या खोलीतली माशांची सहा फुटी टाकी त्यानं स्वतः बांधलेली. जाड काच, कडा घासून गुळगुळीत. आत मासा एकच: दीड वीत लांबीचा, ऑस्कर जातीचा, काळ्या अंगावर नारिंगी ठिपके. सोबतीला सोडलेलं कुणी त्यानं टिकू दिलं नव्हतं. तोंडानं दगड ढकलून हवे तसे मांडायचे आणि दिवसभर त्यांच्याभोवती गस्त घालायची, एवढाच त्याचा उद्योग. नाव मालक. "या घरात मालक कोण, हे निदान माशाला तरी ठाऊक आहे," बायको म्हणायची.

अशा घरात एका रविवारी काचवाल्याचा थोरला भाऊ झाकणाची बादली घेऊन जिना चढून आला. दादानं घर विकलं होतं, लेकीकडे राहायला चालला होता. तिथं खोल्या दोन आणि माणसं पाच. बादलीत त्याचा आठ वर्षांचा पांढरा ऑस्कर होता.

"ठेवशील का? नाहीतर तो शोभेचे मासे विकणारा मासेवाला न्यायला तयार आहे. पण तो कुणाच्याही गळ्यात मारील."

"मासेवाला कशाला? सहा फूट जागा पडलीय."

जागा सहा फूट होती खरी, पण सगळी मालकाच्या नावावर होती. पांढरा पाण्यात उतरला आणि दादाचा चहा अर्धा व्हायच्या आत मालकानं त्याच्या शेपटीचा लचका तोडला. दादा उठून उभा राहिला. काचवाल्यानं जाळीनं पांढऱ्याला काढून बादलीत टाकलं आणि तसाच आपल्या काचेच्या कारखान्याकडे पळाला. तासाभरात मापाची काच कापून आणली, पाणी खेळावं म्हणून खाली भोकं पाडली आणि टाकीच्या मधोमध उभी केली. अलीकडे मालक, पलीकडे पाहुणा. पांढऱ्याला हेच नाव पडलं.

"आता भांडा म्हणावं!"

भांडलेच. काच अशी लख्ख, की मालकाला पाहुणा दिसायचा आणि काच दिसायचीच नाही. दिवसभर थडाथड तोंड आपटायचा. ओठ सोलून निघाले. पाहुणा कोपऱ्यात पंपामागं अंग चोरून उभा. खाणं बंद. काचवाला मात्र रोज कामावरून आला की बाही सारायचा आणि मधली काच दोन्हीकडून पुसायचा.

पुढच्या रविवारी दादा टाकीला कपाळ टेकून बसला.

"वाळला रे."

"होईल सवय."

"पंधरा दिवस बघू. तोवर खायला लागला नाही तर नेतो त्याला मासेवाल्याकडे. भीतीनं उपाशी तरी मरणार नाही."

काचवाल्याला ते लागलं. दादानं उभ्या जन्मात त्याच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

आणि मंगळवारी एका दुकानाची दर्शनी काच चढवताना कड सटकली. उजव्या तळहाताला सहा टाके. टाके निघेपर्यंत पाण्यात हात घालायचा नाही, डॉक्टरनं बजावलं.

"डावा आहे की," काचवाला टाकीकडे बघत म्हणाला.

"घालून तर बघा. तोही बांधून ठेवते."

"मग तू पूस."

"मी? मागं आरसा पुसला तर उजेडात नेऊन तीन डाग दाखवलेत मला. तुमच्या काचेला लांबूनच नमस्कार."

टाकीवर खिडकीतलं ऊन यायचं. चार दिवसांत मधल्या काचेवर हिरवट साय धरली, आठवडा उलटला तसा शेवाळाचा पडदाच झाला. काचवाला येता-जाता दात-ओठ खायचा. एका सकाळी शर्टाला बटण लावता लावता बायको म्हणाली, "अहो, आवाज थांबलाय."

"कसला?"

"थडाथडीचा. तीन दिवस झाले. पाहुण्यानं काल माझ्या हातचा झिंगा खाल्ला."

काचवाला बराच वेळ टाकीपुढं उकिडवा बसला. मालक निवांत आपल्या दगडाशी. पलीकडचं त्याला काही दिसतच नव्हतं.

"म्हणजे रोज पुसून पुसून मीच यांना झुंजवत होतो?"

"काच घाण ठेवा म्हणून तुम्हाला सांगायचं कुणी?" बायकोनं दोरा दातानं तोडला.

पंधराव्या दिवशी दादा बादली घेऊनच आला.

"ती ठेव खाली, खायला लागलाय तो. आता बाही सार," काचवाला म्हणाला. "माझा हात बंद आहे. सांगतो तसं कर."

काच कायमची ठेवली तर दोघांनाही जागा अपुरी पडणार, म्हणून मासेवाल्याला तो विचारून आला होता: मालकाच्या सगळ्या खुणा मोडा, दोघांनाही घर नवं वाटलं पाहिजे. दादानं कोपरापर्यंत हात घालून एकूण एक दगड हलवला. उभे आडवे केले, डावीकडचे उजवीकडं नेले. मालक भांबावला. गस्त घालायची तर दगडच जागेवर नाही. मग दादानं मधली काच उपसली.

दोघं समोरासमोर आले. कल्ले फुगवले. शेपट्या अशा हाणल्या की पाणी भिंतीवर उडालं. तोंडात तोंड अडकलं तसा दादाचा हात जाळीकडं गेला.

"थांब जरा."

तोंडं सुटली. मालक डावीकडच्या दगडाखाली शिरला, पाहुणा उजवीकडच्या. घटकाभरानं पाहुणा बाहेर आला. मालकानं वळून बघितलं आणि परत आत गेला. संध्याकाळपर्यंत दादा कपाळ टेकून पाहत होता. लचका कुणी तोडला नाही.

"पुन्हा पेटले तर?" दादानं विचारलं.

"गॅलरीत ठेवलीय काच. हिरवीच."

दादा निघाला. बायकोनं हाक मारली, "भावजी, बादली विसरलात!"

"राहू दे तिथंच. रविवारी पाणी बदलावं लागेल."

दार लावून काचवाला टाकीपाशी आला. पुढच्या काचेवर दादाच्या कपाळाचा तेलकट गोल डाग होता. दादा अजून जिना उतरत असेल नसेल, यानं बाही ओढली आणि डाव्या हातानं डाग पुसून टाकला.