ब्याडा म्हणजे काय?

"तिनं तीनदा ब्याडा म्हटलंय. आणखी काय पायजे तुमाला?" डॉक्टर मला म्हणाले.

मी सरकारी दवाखान्यात काउन्सेलर आहे. एमटीपी, म्हणजे कायद्यानं केलेला गर्भपात, ठरण्याआधी मी बाईशी बोलते. तिला तो खरंच हवाय की कुणी दाबतंय, हे बघते. त्या दिवशी समोर मोमिना होती. बांगलादेशची. नवऱ्याबरोबर कलबुर्गीत मजुरी करत होती, कागदपत्रं नाहीत म्हणून दोघं पकडले गेले. अशा परदेशी माणसांना परत पाठवेपर्यंत होल्डिंग सेंटरमध्ये ठेवतात. तिथून पोलीस तिला घेऊन आले होते. तिसरा महिना.

डॉक्टर आमच्याच भागातले. पेशंट कुठलाही असो, पहिला प्रश्न कानडीत. "कूसु बेकेन, ब्याडेन?" लेकरू पाहिजे का नको? त्यावर ती ओरडली होती, "ब्याडा! ब्याडा! ब्याडा!"

इकडच्या कानडीत ब्याडा म्हणजे नको. विषय संपला.

सेंटरचे इन्स्पेक्टर तर खूश. "मॅडम, बरंच झालं. पोटुशी बाईला परत पाठवायचं म्हंजे लई भानगडी. उरकून टाका."

त्यांचं खूश होणंच मला खटकलं.

"साहेब, कन्सेंट तिची लागते," मी म्हटलं.

"दिली की तिनं!"

"कानडीत? बांगलादेशच्या बाईनं?"

"शिकली असंल की इथं."

मी सीमेवरच्या हुलसूरची. घरी मराठी, शाळेत कानडी, बाजारात दखनी. आमच्या घरात पहिली डिग्री माझी, आणि ती काय नुसती मान डोलवायला घेतली नाही. मी मोमिनाजवळ बसले. कलबुर्गीच्या बाजारात राहिलेल्या माणसाला दखनी कळतेच.

"बहना, बच्चा होना की नक्को?" पाहिजे की नको?

"होना! होना!" तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं. "मेरा बच्चा होना!"

तिच्यासोबत आलेली कॉन्स्टेबल महादेवी अक्का चाटच पडली. "आगं बाई, मग ब्याडा कामून म्हणायलीस?"

मोमिनानं डॉक्टरांकडं बोट केलं. "ब्याडा!" मग इन्स्पेक्टरांकडं. "ब्याडा!" दारातून अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर डोकावत होता. "ब्याडा!" मग माझ्याकडं खालवर बघितलं आणि नकाराची मान हलवत म्हणाली, "ब्याडा ना." अक्कालाही तेच. तरी आम्हाला कळेना, तेव्हा तिनं बोटानं ओठावर मोठी झुपकेदार मिशी काढली.

"आयोऽव! हिच्या बोलीत ब्याडा म्हंजे गडी!" अक्का मटकन खाली बसली. "डॉक्टर, ती तुमाला गडी म्हणायलीय! बाई डॉक्टर पायजे तिला!"

डॉक्टर आधी लाल झाले, मग त्यांनाच हसू आवरेना. "म्हंजे मी विचारलं, लेकरू पायजे का गडी?"

"आन् ती सांगायलीय, हा गडी तर न्हाईच पायजे!"

आम्ही हसून हसून डोळे पुसत होतो. काय झालं ते कळो न कळो, मोमिनाही हसायला लागली. एकटे इन्स्पेक्टर गंभीर. "पण वरून विचारतील मला."

"सांगा," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं, "तिला ताब्यात ठेवलंय, तिच्या पोटाला न्हाई. बाई सज्ञान असंल तर नवऱ्याचीसुद्धा संमती लागत न्हाई. तुमची कुठून आली?"

तरी नुसत्या हसण्यावर काम सोडता येत नाही. ओळखीची एक नर्स बंगाली आहे. तिला फोन लावला, स्पीकर चालू केला, सगळ्या ब्याड्यांना बाहेर काढलं. मोमिना जी सुटली ती थांबेचना. शेवटी नर्स म्हणाली, "ताई, तिला बाळ पाहिजे, तपासायला बाई पाहिजे, नवऱ्याला निरोप पाहिजे. आणि काहीतरी आंबट पाहिजे."

लेडी डॉक्टरनं तपासलं. नवऱ्याला निरोप इन्स्पेक्टरांनीच दिला, जरा घुश्श्यात. चिंच अक्कानं आणली, आणि निम्मी स्वतःच खाल्ली.

पुढं मोमिनाला मुलगी झाली, आमच्याच दवाखान्यात. त्यांना परत पाठवायचं अजून चालूच आहे, इकडचे कागद तिकडं, तिकडचे इकडं. मुलगी काही कुणाच्या कागदासाठी थांबली नाही.

नव्या काउन्सेलरांना मी एवढंच सांगते. बाईचं उत्तर झटकन कळलं आणि ते साहेबाच्याही सोयीचं निघालं, तर प्रश्न पुन्हा विचारा.