मागचा कॅमेरा

मावशी फोन स्वतःकडे कधी धरत नसत. अंधारात कंदील पुढे करावा तसा तो समोर धरत. पलीकडून मुलगा म्हणे, "आये, तू दिसंना." मावशी म्हणत, "मला काय बघतुयास? मी हाय तशीच हाय. ही बघ, व्याली." आणि फोन मेंढीकडे वळे.

कवठे महांकाळला त्यांचे आणि माझे घर शेजारी होते. आमच्या भागातली मुले गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पांगतात. मावशींचा मुलगा त्याही पुढे, दुबईला गेला होता. वडील वारले तेव्हा तो आला आणि आईसाठी वर्षभर राहिला. नोकरी गेली. ही दुसरी, तिथल्याच एका सोन्याच्या दुकानातली, फार मिनतवारीने मिळाली होती. "पोरगं लय मायाळू," मावशी मला सांगत, "काय कळलं की हातातलं टाकून येतंय."

म्हणून त्याला सगळे कळावे, पण काळजीचे काही कळू नये, अशी त्यांची रीत होती. तव्यावर भाकरी फुगली की त्या ती दाखवत. बांधावरून दोन जावा भांडत असल्या तर फोन उंच धरत. एकदा मी पेपर वाचत बसलो होतो. मागून आवाज आला, "हे बघ, सरांचं टक्कल. उनात कसं चमाकतंय." मुलगा हसला, मीही हसलो.

आपणही पाहिले असेल, आमच्याकडच्या बायका वडीलधाऱ्यांपुढे पदर दातांत धरतात. मुलगा पुन्हा दुबईला गेला त्यानंतरच्या वर्षी मावशी माझ्यापुढेही तसा धरू लागल्या. मी त्यांच्याहून लहान, तरी मला तो शिक्षकाचा मान वाटला. सकाळी उंबऱ्यावर बसून दातांना तंबाखूची मिस्री लावण्याची त्यांची जुनी सवयही थांबली. मी त्यांचे अभिनंदन केले. त्या म्हणाल्या, "व्हय, सुटली एकदाची."

उन्हाळा लागला होता. दुपारी मुलाचा मला फोन आला. आईचा फोन लागत नव्हता. मी गेलो. चार्जरची पिन निसटली होती, ती बसवली, आणि थोड्याच वेळात त्याचा व्हिडिओ कॉल आला. तो म्हणाला, "सर, आयेला दाखवा की. तिला कॅमेरा फिरवता येत न्हाई."

मलाही तसेच वाटत आले होते. मावशी पदर खोचून मेंढ्यांना पाणी ओतत होत्या. मी कॅमेरा फिरवला, त्यांच्याशेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, "मावशी, इकडे बघा."

त्यांनी पाहिले. मी पडद्याकडे पाहत होतो. डावा गाल जबड्यापासून फुगून ताणलेला, काळानिळा. ओठाच्या कोपऱ्याशी उघडी जखम. मी क्षणभर ते दुसऱ्याच कोणाचे तोंड समजलो. मग मान वळवली. ते माझ्या हातभर अंतरावर होते.

मावशींनी गालावर हात ठेवला. "दाढ सुजलीया रं. काय न्हाई."

पलीकडे त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. मग तो हळू म्हणाला, "आये, हात काढ."

त्यांनी काढला नाही. माझ्या हातातून फोन घेतला, कॉल बंद केला आणि पदर सोडवून पुन्हा दातांत धरला. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सर, मला इचारायचं तरी हुतं."

तो लगेच निघून आला. मिरजेच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितले की आधी आणायला हवे होते. श्रावणाच्या आधी मावशी गेल्या.

दहाव्यानंतर तो माझ्या पायरीवर येऊन बसला. दुकानाने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता, हे मला इतरांकडून कळले. तो त्याबद्दल बोलला नाही. त्याच्या आवाजात आरोप नव्हता, आणि म्हणूनच मला ऐकवत नव्हते.

"सर, तुमी रोज जवळनं बघत हुता. कवापासनं हुतं ते?"

मी आठवू लागलो, आधी पदर की आधी मिस्री. तो माझ्या तोंडाकडे पाहत बसून राहिला.