अळंबीची जागा

ते प्रकरण अजूनही डोळ्यांपुढे येते, आणि दरवेळी त्यातल्या आजी आधी आठवतात, संशयित नंतर. मी आता पोलीस सेवेत नाही. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून उपनिरीक्षक झाले, काही वर्षे अंधेरी पूर्वेच्या एका ठाण्यात काढली आणि पुढे संशोधनासाठी राजीनामा दिला. माजी पोलीस अधिकारी म्हटल्यावर वाचकाला पांढऱ्या मिशा अपेक्षित असतात. त्याला माझा इलाज नाही.

गणपती होऊन गेले होते आणि पाऊस ओसरत आला होता. सकाळची हजेरी चालू असताना रुग्णालयातून ठाणे अंमलदारांना फोन आला. एकाच घरातल्या तिघांना अन्नातून विषबाधा झाली होती. मुलगा आणि सून उलट्या होऊन सावरले होते. वयस्कर, मधुमेही आजी मात्र अतिदक्षता विभागात होत्या. रात्रीच्या जेवणात रानातली अळंबी होती. स्टेशन डायरीला नोंद करून मी हवालदारांना घेऊन निघाले.

डॉक्टरांनी मुद्द्याचेच सांगितले. "उलट्या लवकर सुरू झाल्या, हे चांगलं लक्षण आहे. यकृत खाणारी अळंबी बहुतेक उशिरा त्रास देते. पण दोन जाती मिसळल्या असतील तर एकीच्या आड दुसरी लपते. आजींची मूत्रपिंडं आधीच कमजोर आहेत. कोणती अळंबी होती ते कळल्याशिवाय मी उपचार ठरवू कसे? मला नमुना हवाय, आणि लवकर."

बाहेर बाकावर मुलगा बसला होता. चेहरा उतरलेला, आवाज मात्र चढलेला. "मॅडम, सरळ केस आहे. वरच्या मजल्यावरच्या काकांनी पिशवी आणून दिली. दरवर्षी आणतात, आधी आमच्याकडे, मग बाकीच्यांकडे. काल चार घरांत वाटली. तीन घरं ठणठणीत, आमचीच वाट लागली! जिन्यातल्या चपलांच्या कपाटावरून गेल्या महिन्यात आमचं वाजलं होतं. लिहून घ्या."

मी लिहून घेतले. अळंबी वाटणारे काका मूळचे मालवणकडचे, वडिलांची गिरणी बंद पडल्यावर लिफ्टदुरुस्तीत आयुष्य काढलेले. त्यांना ठाण्यात बोलावले. अळंबी कुठून आणली, एवढाच प्रश्न होता.

"बाजारातून घेतलंय. जोगेश्वरीच्या."

हवालदार बाजारात जाऊन आले. तिथे कोणी रानातली अळंबी विकत नव्हते.

"मग साकीनाक्याला असात. आठवत नाय."

"काका, साकीनाक्याला वर्कशॉपांच्या गल्ल्यांत अळंबी?" हवालदार म्हणाले. "लोखंडाला फुटली काय?"

काका हसले नाहीत. ते मान खाली घालून म्हणाले, "बाय, दुसरा काय पण इचार. जागा तेवडी इचारू नको."

"तिकडे एक बाई मरणाच्या दारात आहे."

त्यांचे डोळे भरले. "मी वीख घालीन त्येंका? लहानपणापासून त्येंच्या हातचा जेवलंय मी." पण जागा सांगितली नाही ती नाहीच.

वरिष्ठ निरीक्षकांचा सल्ला स्पष्ट होता : दोनदा खोटे बोलला आहे, भांडणही आहे, गुन्हा नोंदवा. तो सल्ला चुकीचा नव्हता. पण माझे गणित जुळत नव्हते. स्रोत एक, घरे चार, आजार एका घरात. म्हणजे फरक पिशवी त्या घरात आल्यावर पडला होता, किंवा त्याच घरासाठी मुद्दाम पाडला होता. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल येईपर्यंत आजी थांबणार नव्हत्या. मी पंच घेऊन त्यांचे स्वयंपाकघर गाठले.

पातेली घासून झाली होती. रात्रभर सगळे रुग्णालयात असल्याने कचऱ्याचा डबा मात्र तसाच होता. हवालदारांनी वर्तमानपत्र पसरून तो उलटा केला. शेजारच्या इमारतीतून पंच म्हणून आलेल्या गृहस्थांनी नाक दाबले. "ह्याच्यावर सही करायची ना मी? मग जरा लांबून करतो."

कांद्याच्या सालींमध्ये अळंबीचे चिरून टाकलेले बुडखे होते. मी ते वेगळे करू लागले आणि थोड्याच वेळात दोन ढीग तयार झाले. एका ढिगातले देठ मुळासारखे लांब आणि निमुळते होते, त्यांना लालसर माती चिकटलेली होती. वारुळावर उगवणारी, कोकणात आवडीने खाल्ली जाणारी अळंबी ती हीच. तिचा देठ वारुळाच्या पोटात खोल जातो. दुसऱ्या ढिगातले बुडखे आखूड आणि फुगीर होते. त्यांना गवताची पाती आणि शेण लागलेले होते. किडकी म्हणून टाकलेली एक अख्खी टोपीही मिळाली. तिच्या खालच्या पातळ पट्ट्यांवर हिरवट झाक होती. ती पांढऱ्या कागदावर ठेवून वर वाटी उपडी घातली. दुपारी वाटी उचलली, तेव्हा कागदावर बीजाणूंच्या हिरवट भुकटीचा ठसा उमटला होता. वारुळाच्या अळंबीचा ठसा असा पडत नाही.

म्हणजे पिशवी एक असली तरी तिच्यात दोन ठिकाणांचा माल होता. मी मुलाला रुग्णालयाच्या आवारात बाजूला घेतले. त्याच्या बुटांच्या शिवणीत वाळलेले शेण होते. जवळपास गोठे आणि गवत असलेले ठिकाण एकच : आरे दुग्धवसाहत.

"काल सकाळी कुठे होतात?"

"मॉर्निंग वॉकला."

"आरेतल्या गोठ्यांमागे?"

तो एकदम खाली बसला. "मॅडम, चोरी नाही केली यार... सॉरी. काकांच्या मागे गेलो होतो. ते जागा कुणालाच सांगत नाहीत ना! म्हटलं, एकदा बघूनच घेऊ. आरेच्या रस्त्यावर ते बसमधून उतरले, झाडीत शिरले आणि दिसेनासे झाले. परत येताना गोठ्यामागच्या गवतात ह्या दिसल्या. मोठ्या, पांढऱ्या, झकास. सेम टू सेम. काकांच्या पिशवीतच मिसळून टाकल्या. बायकोलाही बोललो नाही."

"डॉक्टरांना तरी सांगायचं!"

"मला वाटलं माझ्या चांगल्या आणि काकांच्या खराब. आणि काकांच्या मागावर गेलो होतो हे आईला कळलं असतं, तर तिने घरात घेतलं नसतं."

तसाच गाडीत घालून आम्ही त्याला गोठ्यामागे नेले. गवतात तीच अळंबी अजून उभी होती, आणि दुसरी कोणतीही नव्हती. नमुने आणि छायाचित्रे माझ्या महाविद्यालयातल्या बाईंना दाखवली. त्यांनी हातातले काम टाकून जात पक्की केली. पोटाला भयंकर, यकृताला नाही. डॉक्टरांनी ऐकून पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. उपचारांची दिशा ठरली. गुन्हा नोंदवला गेला नाही आणि पुढे चौकशी अपघात म्हणून बंद झाली.

आजींना साध्या कक्षात हलवल्यावर मी त्यांचा जबाब घ्यायला गेले. मुलगा पायथ्याशी उभा होता. त्याने सगळे कबूल केले होते. काका दाराशी, आत यावे की नाही या विचारात.

आजींनी आधी मुलाचा समाचार घेतला. "पाळत ठेवतोस? माणसाच्या मागे? आणि वर त्यालाच पोलिसात देतोस?"

"आई, ते नुसतं 'आरेत मिळाली' एवढं बोलले असते तरी..."

"तो कशाला बोलेल? मीच गप्प केलंय त्याला."

मी लिहिता लिहिता थांबले.

"ते वारूळ मी शोधलेलं, बाळा," आजी मला म्हणाल्या. "हा दाराशी उभा आहे ना, ह्याची आई आणि मी जायचो. माझे गुडघे गेले, तेव्हा ह्याला दाखवलं आणि शपथ घातली : कुणाला सांगायचं नाही, माझ्या ह्या दिवट्याला तर मुळीच नाही. पोरगा चार मित्र घेऊन जाईल आणि वारूळ खणून ठेवेल." मग दाराकडे पाहून, "आणि तू रे? फाशी देत होते तरी गप्प बसला असतास?"

काका पुटपुटले, "तुमी जित्या होतात ना अजून. तुमका इचारल्याशिवाय कसा सांगू?"

ज्या बाईवर विषप्रयोग केल्याचा संशय होता, तिलाच दिलेला शब्द पाळण्यासाठी हा माणूस कोठडीच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. मुलाने जाऊन त्यांचा हात धरला आणि आत आणले. कोणी माफी वगैरे मागितली नाही. आजींनी खाटेवर जरा सरकून काकांना जागा करून दिली.

संशयिताचे खोटे पकडायला मला प्रशिक्षणात शिकवले होते. ते खोटे कशाला जपते आहे, हे विचारायला आजी आणि काका या दोघांनी शिकवले, आणि पुढच्या प्रत्येक चौकशीत मला त्याचा उपयोग झाला. एका डॉक्टरांची, एका शिक्षिकेची, कचऱ्यात हात घालणाऱ्या हवालदारांची आणि या दोघांची मी ऋणी आहे. त्या दिवशीच्या जबाबात अळंबी मिळाल्याच्या ठिकाणापुढे मी "आरे परिसर" एवढेच लिहिले. आजींनी ते वाचून घेतले, समाधानाने मान हलवली आणि सही केली.