हळदीतले डाग

भावाच्या हाताला हळद चोळता चोळता मामी थांबली. "हे काय रं तांबडं तांबडं?" तिनं त्याचा तळहात उलटा करून विचारलं.

"उष्णता हाय. लावा आणखी हळद," चुलती म्हणाली.

"नवरी येऊ द्या, समदी उष्णता उतरंल!" दुसरी बोलली आणि बाया खिदळल्या. भावाच्या अंगावर आणखी एक थर चढला.

मी विधवा. हळदीला हात लावायचा नाही म्हणून मला चुलीवरच्या पाण्यापाशी बसवलं होतं. मला काम नव्हतं, त्यामुळे मी नीट बघितलं. तळहातावर डाग, तळपायावर डाग, पाठीवर डाग. आणि तो एकदाही खाजवत नव्हता. असले डाग मी माझ्या नवऱ्याच्या हातावर बघितले होते. नवरा विहिरीच्या कामावर सुरुंगात गेला, पण त्याआधी त्यानं मला गरमी, म्हणजे बाहेरून आणलेला गुप्तरोग, दिली होती. माझी दोन लेकरं मेलेली जन्मली. त्याचं कारण हा रोग, हे मला दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं, घरातल्या कोणी नाही.

उद्या सकाळी वऱ्हाड निघणार होतं. बाया चहाला उठल्या तेव्हा मी भावाला गोठ्यामागं नेलं.

"कुठल्या बाईकडं गेला होतास?"

"अक्का, तुझी शपथ, बाईकडं मी गेलोच न्हाय."

"मग?"

त्यानं तळहातावरची हळद नखानं खरवडली. मग म्हणाला, "टँकरवाला."

दुष्काळानंतर गावात दुधाची सोसायटी निघाली होती. भाऊ तिथं दुधाचं फॅट तपासायचा. दूध न्यायला तालुक्याच्या भूमहून रोज सकाळी टँकर यायचा. ड्रायव्हर लग्नाचा, लेकराबाळांचा माणूस. ज्या दिवशी टँकरवर दुसरा ड्रायव्हर यायचा, त्या दिवशी भाऊ जेवायचा नाही. हे मी बघत होते, पण कधी विचारलं नाही. त्याचं वय चोवीस होतं आणि गावात त्याला बोलायला दुसरं माणूस नव्हतं.

त्याला वाटत होतं, रोग बाईकडूनच येतो. तरणी पोरं शहरात निघाली की म्हातारे एवढंच सांगायचे, वाईट बाईपाशी जाऊ नका. पुरुषापासून रोग होतो हे कोणी बोललं नव्हतं, कारण असं काही असतं हेच कोणी बोलत नव्हतं. म्हणून हा स्वतःला निर्धोक समजत होता. दोन महिन्यांपूर्वी खाली एक फोड आला होता. दुखला नाही, आपोआप गेला. दाखवायचं कोणाला?

"आणि आता हे त्या पोरीला देणार?" मी म्हणाले.

माझं पहिलं लेकरू पुरायला तोच गेला होता.

"अक्का, मला लगीनच नको होतं. दादा म्हणाले, लगीन झालं की माणूस ताळ्यावर येतं."

"ते मागनं बघू. आधी चल."

आमच्यात हळद लागलेला नवरदेव वेस ओलांडत नाही. तो अंगावरच्या हळदीसकट वेशीबाहेर निघाला. दादा, म्हणजे आमचे वडील, मागून ओरडत आले. त्याला नाही, मला म्हणाले, "पांढऱ्या पायाची! सोताचं मोडलं, आता ह्याचं मोडायलीस व्हय?"

मी वळून सांगितलं, "त्याला गरमी झालीया. पोरीच्या बापाला तुम्ही सांगता का मी सांगू?"

त्यांनी भर रस्त्यात माझ्या कानाखाली मारली. पण मग मागं आले नाहीत.

एसटीत सगळे बघत होते. पिवळा नवरदेव आणि शेजारी मोकळ्या कपाळाची बाई.

"काय नवरदेव, नवरी कुठल्या स्टँडावर बसवलीया?" कंडक्टरनं विचारलं.

कोणीतरी हसलं. भावानं तळहात मांडीखाली दाबून धरले होते.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं डाग बघितले, रक्त घेतलं आणि तेच विचारलं. "बाई कोण? तिलाही सुई द्यावी लागेल. घेऊन या."

"बार्शीची हाय," भाऊ म्हणाला. "नाव ठावं न्हाय."

खरं मला माहीत होतं. मी बोलले नाही. त्याला कमरेत सुया दिल्या आणि पुन्हा यायला सांगितलं.

बाहेर लिंबाखाली बसलो तेव्हा मी म्हणाले, "त्याला सांग. त्याच्या बायकोच्या पोटात जाईल ते."

"सांगितलं तर तो माझ्याशी बोलायचा न्हाय, अक्का."

"आता किती बोलतोय?"

"रोज धा मिनिटं. टँकर भरंस्तवर."

त्या दहा मिनिटांसाठी तो अजूनही तोंड मिटून ठेवायला तयार होता. मला हे सगळं समजलं असं मी म्हणणार नाही. पण एकटं राहणं काय असतं ते मला समजत होतं, म्हणून मी शिवी दिली नाही.

लग्न मोडलं. वडिलांनी निरोप धाडला, पण कारण कावीळ सांगितलं. पुढल्या आठवड्यात भावानं टँकरवाल्याला खरं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, टँकरचं झाकण लावलं आणि गेला. त्यानंतर टँकरवर कायम दुसराच माणूस आला. पहिल्या ड्रायव्हरनं आणि त्याच्या बायकोनं सुई घेतली का, हे आम्हाला कधी कळलं नाही. मी भूमच्या बाजारात दोनदा चौकशी केली, पण पत्ता लागला नाही. त्याच्या बायकोकडं मी आधीच जायला पाहिजे होतं.

भाऊ बरा झाला. लग्न केलं नाही, सोसायटीच्या खोलीतच राहिला. ती पोरगी दुसऱ्या गावी दिली, तिला तीन लेकरं झाली, तिन्ही धडधाकट. ती अजून आहे. भाऊ आहे, आणि मी आहे. टँकरवाल्याच्या घरातलं कोण राहिलं, मला माहीत नाही.