डावं बोट

सौदीतल्या ताइफला मी ज्याच्याकडे ड्रायव्हर आहे, त्या कफीलकडे दिसायला सारख्याच दोन शिकारी रायफली आहेत. एक त्याची, दुसरी वारलेल्या भावाची. भावाचा ट्रिगर त्याने आपल्या रायफलीत बसवला. हौस असते एकेकाला. तो ट्रिगर अर्ध्यावर अडकू लागला, म्हणून मला बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे पिटाळलं.

मिस्त्री म्हातारा. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहूनही त्याने आत करंगळी फिरवून खात्री केली. मग डोळे मिटून ट्रिगर उजव्या बोटाने ओढला. अडकला. डाव्याने ओढला. टक्!

"एकाच बाजूने झिजलाय. मालक डावखुरा," तो हिंदीत म्हणाला.

कफीलचा भाऊ डावखुराच होता, पण मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"ते वारले, चाचा."

"माणूस गेला," ट्रिगर पुसत तो म्हणाला. "बोट इथेच आहे."

माझा डावा हात धरून त्याने माझं बोट ट्रिगरवर टेकवलं. त्या झिजलेल्या खळग्यात ते अगदी बरोबर बसलं.

"ज्याचं त्याच्या रायफलीत परत बसवा, सांग कफीलला."

मी गाडीत येऊन बसलो. मी जन्माचा उजवा. पण किल्ली फिरवायला पुढे झाला तो डावा हात.