दाखल्यापुरती विधवा

"टिकली काढा, मॅडम."

मला वाटलं, फोटोसाठी म्हणतोय. चष्मा काढायला लावत्यात, तसं. म्हटलं, "दादा, टिकलीनं काय व्हतंय? तोंड तर दिसतंय की."

दौंडच्या एका सेवा केंद्रातला हा माणूस, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. हसला. म्हणाला, "तोंडाचं नाही हो. विधवेची पेन्शन घ्यायची, तर विधवेसारखं दिसायला नको का?"

मागं बाकावर माणसं बसलेली. कुणी हसलं, कुणी मोबाइलमधी मान घातली. बायापण व्हत्या. त्या खाली बघत राहिल्या.

माझा नवरा साखर कारखान्यात बॉयलरवर व्हता. ऐन गळीत हंगामात, ड्युटीवरच छातीत कळ आली आन् गेला. त्याच्या पगारातून कापलेल्या पीएफची पेन्शन मला लागली. बाई जिवंत हाय तवर मिळती, न्हाईतर तिनं दुसरं लग्न करंपर्यंत. म्हणून दर साली जाऊन दोन गोष्टी सांगायच्या. मी जिवंत हाय. आन् मी दुसरं केलं न्हाई. जिवंत हाय हे सांगायला माझं काय जात न्हाई. दुसरं सांगताना मान खाली जाती. का जावी? पण जाती.

मागच्या साली ह्याच माणसानं मोबाइल तोंडापुढं धरला, डोळे मिचकवायला लावले. पुढं त्यात एक प्रश्न येतो, पुनर्विवाह झाला का म्हणून. तो त्यानं मला विचारलाच न्हाई. कपाळावरच्या टिकलीकडं बघितलं आन् 'होय' दाबून मोकळा झाला.

मला हे कळलं पेन्शन बंद पडल्यावर. बँक म्हणं, पुण्याला विचारा. पुण्याच्या पीएफ हापिसातला साहेब म्हणाला, "तुम्हीच कळवलंय की, लग्न झालं."

म्हटलं, "कुणाशी झालं तेवढं सांगा साहेब. बघून तरी येते."

त्याला हसू आलं न्हाई. ग्रामपंचायतीचा दाखला आणा म्हणाला, पुनर्विवाह न केल्याचा, आन् केंद्रात जाऊन सगळं नव्यानं भरा.

आता माझ्या कपाळावर टिकली कशी, ते सांगते. नवरा गेला त्या दिवशी चौघीजणींनी अंगणात बसवून माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. पुढं काही वर्षांनी आमच्या गावानं ठराव केला, इथून पुढं कुठल्या विधवेचं कुंकू पुसायचं न्हाई. शाळेपुढं मांडव घातला. आम्हाला रांगेनं उभं केलं आन् सरपंचांच्या बायकोनं आपल्या हातानं कुंकू लावलं. फोटो निघाले. त्या दिवशी घरी जाऊन आरशात बघितलं. माझं मला तोंड वळखीचं वाटलं. लई रडले. तवापासनं काढली न्हाई.

दाखल्याला त्याच सरपंचांकडं गेले. म्हणाले, "वहिनी, दाखला देतो की. पण त्यावर फोटो लागतो. कुंकू नसलेला आणा. वरनं चौकशी आली तर मी काय सांगू?"

"तुम्हीच लावायला लावलं व्हतं ना, दादा?"

"अवो, ते कार्यक्रमापुरतं. तसं हे दाखल्यापुरतं पुसा."

कार्यक्रमापुरतं लावायचं. दाखल्यापुरतं पुसायचं. बोलाचीच कढी आन् बोलाचाच भात. मी जुना फोटो दिला, मोकळ्या कपाळाचा, नवरा गेला त्या सालचा. त्यावर सही झाली.

घरी सासू म्हणाली, "पूस बाई. कपाळ काय खायाला मागत न्हाई, पोट मागतंय." वाईट न्हाई ती. तिची बीपीची गोळी त्या पेन्शनीतनं येती. पोरीची नर्सिंगची फी त्यातनंच जाती. माझी पॅकिंगची मजुरी किराण्याला पुरत न्हाई. आन् दौंडला यायचं म्हंजी खाडा करायचा, वडापच्या जीपमधी कोंबून घ्यायचं, भीमा वलांडून यायचं. दमले व्हते मी. खरंच दमले व्हते.

केंद्रात मागच्या बाकावरनं आबा बोलले. नवऱ्याबरोबर बॉयलरवर व्हते ते. "काढ की गं. त्यात काय एवढं."

आबांची बायको वारली. वर्षश्राद्धाच्या आत दुसरी आणली. आणली तर आणली, माझं काय म्हणणं न्हाई. पण त्यांची पेन्शन चालू हाय आन् त्यांना कुणी विचारत न्हाई, दुसरी केली का. नियमानं बरोबर असंल. त्यांची पेन्शन त्यांच्या कामाची, माझी माझ्या नवऱ्याच्या. पण पाळीचा डबा कोण करत व्हतं? रातपाळीचा माणूस झोपावा म्हणून पोर घेऊन उन्हात कोण बसत व्हतं? ते काम कुठल्या हजेरीत धरलंय?

हे सगळं मनात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आन् मी टिकली काढली.

व्हय, काढली. टेबलाच्या कडेला चिकटवली, पदरानं कपाळ पुसलं.

त्यानं मोबाइल उचलला. माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाला, "हां. आता कसं शोभताय."

शोभताय.

माझा नवरा मेला ते मला शोभतंय व्हय? अंगणातल्या त्या चौघीजणी परत माझ्याभवती बसल्यागत झालं. फरक इतकाच, ह्या बारीला पुसणारा हात माझाच व्हता. त्या केंद्रवाल्याचा लई राग आला. त्याच्यापेक्षा माझा जास्त.

"थांब. फोटू काढू नको."

टिकली उचलून लावली. घामानं गोंद गेलेला, चिकटंना. बाकावरच्या एका बाईनं आपल्या पर्समधलं टिकल्यांचं पाकीट पुढं केलं. मी त्यातली लावली.

"आता काढ. आन् तो प्रश्न मोठ्यानं विचार."

"कुठला?"

"मागच्या साली मला न विचारता ज्याचं उत्तर दिलंस, तो."

त्यानं पुटपुटत वाचलं. म्हटलं, "आबांना ऐकू आलं न्हाई." मग मोठ्यानं वाचलं, "पुनर्विवाह झाला आहे का?"

"न्हाई. दाब."

दाबलं त्यानं. वर म्हणाला, "दाखल्यावर एक फोटो, इथं दुसरा. रिजेक्ट झालं तर मला बोलायचं नाही."

अजून पेन्शन चालू झाली न्हाई. पुण्याला गेलं की म्हणत्यात, तपासणी चालू हाय. सासू दोन दिस बोलली न्हाई, मग बोलायला लागली. पोरीच्या कॉलेजात मुदत मागून घेतली. मी अजून दमलेलीच हाय.

पण एक ठरलं. आमच्यात बाईचा पाट लागतो, त्यात पाप न्हाई. उद्या मनाजोगता माणूस भेटला तर मी पाट लावीन. आन् त्याच दिवशी पुण्याच्या हापिसात जाऊन सांगीन, केलं मी लग्न, करा बंद. त्या दिवसापतुर ती पेन्शन माझी. फुकटची न्हाई, मेहेरबानीची न्हाई. साहेबानं शंभर खेपा घालायला लावल्या तर शंभर घालीन, आन् दर खेपेला ह्याच तोंडानं जाईन.