ड्रॅगनचा आजचा भाव

मी बायकोची स्कूटर विकून एक कार्ड घेतलं, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी डोळे वटारायला नकोत. कार्ड म्हणजे पत्त्याएवढा पुठ्ठा, कुठल्याशा जपानी खेळातला, त्यावर निळा ड्रॅगन. असली कार्डं लोक शेअरसारखी घेतात, विकतात. चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्याने असंच एक कार्ड विकून घरी एसी बसवला होता. त्या एसीचा फोटो त्याने मला इतक्या वेळा दाखवला, की शेवटी मलाच गार वाटायला लागलं.

"थोडे महिने रिक्षाने जा," मी बायकोला म्हणालो. "भाव चढला की नवीकोरी घेऊन देतो."

ती भोसरीत एका वर्कशॉपच्या ऑफिसात कामाला आहे. स्कूटर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेली. किल्ली माझ्या हातात देत ती म्हणाली, "अहो, ड्रॅगनवर बसून ऑफिसला जाता येतं का, तेवढं विचारा." आणि चिखलीहून शेअर रिक्षात, तिघींच्या जागेत चौथी होऊन जाऊ लागली.

भाव खरंच चढला, राव! मी रोज जेवताना फोन बघून जाहीर करायचो. बायको भाकरी वाढायची. ऐकायचे फक्त अण्णा, म्हणजे माझे वडील. अण्णा तरुणपणी लातूरकडून इथे कामाला आले, तेव्हा भाड्याच्या खोलीत पाणी शिरून त्यांचा शाळेचा दाखला भिजला आणि त्या एका कागदापायी कंपनीत कायम व्हायचे राहिले. तेव्हापासून घरात कुठलाही महत्त्वाचा कागद आला, की त्यांच्या जिवाला घोर लागतो.

"त्याला हात का लावू देत न्हाईस?" ते विचारायचे. मी समजावून सांगायचो. घाम लागला, कोपरा दुमडला, की किंमत गेली. परदेशात अशी कार्डं तपासून प्लास्टिकच्या डबीत सील करून देतात, मग भाव आणखी चढतो. अण्णा मान डोलवायचे. घरात माझं म्हणणं मनावर घेणारं एक तरी माणूस आहे, म्हणून मला भरून यायचं.

शेवटी गिऱ्हाईक मिळालं. पुनावळ्याचा आयटीवाला, रविवारी स्वतः न्यायला येणार. कार्ड आहे तसं हवं, एवढीच त्याची अट. त्या पैशांत स्कूटर येत होती, हेल्मेटसकट. बायकोने रंगसुद्धा ठरवला, मोरपंखी. अण्णांना फोनवर फोटो दाखवला. मग मला म्हणाली, "तुम्हाला कळतं हो यातलं." लग्न झाल्यापासून असं काही मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दोन दिवस मी कॉलर ताठ करून फिरलो.

रविवारी आयटीवाला आला. बायकोने पोहे केले. मी कपाट उघडलं, तर साड्यांखालचं पाकीट रिकामं.

"थांब, थांब," म्हणत अण्णांनी उशाखालून कार्ड काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. लॅमिनेट केलेलं. चारी बाजूंनी बोटभर पारदर्शक कड, मधे ड्रॅगन, गरम मशीनमध्ये प्लास्टिकला कायमचा चिकटलेला. एका कोपऱ्यात हवेचा बुडबुडा.

"तूच म्हन्लास ना, सील केलं की भाव चढतो? मग परदेशात कशाला धाडायचं? चौकातल्या झेरॉक्सवाल्यानं बसल्या जागी करून दिलं. आता पाण्यात टाक, काय व्हत न्हाई."

अरे देवा! मला बोंब ठोकायची होती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आयटीवाल्याने कार्ड उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. "काका, काम एकदम व्यवस्थित झालंय," तो म्हणाला. पोहे संपवले, कार्ड टीपॉयवर ठेवलं आणि निघून गेला.

"ते न्हेलं न्हाई त्यानं?" अण्णांनी विचारलं.

मी बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "इतक्यात नकोच द्यायला, अण्णा," ती म्हणाली. "इतकं छान केलंय तुम्ही. भाव अजून चढू दे." आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की माझं तोंड आपोआप मिटलं.

ड्रॅगन आता अण्णांच्या फाइलमध्ये आहे, रेशनकार्ड आणि माझ्या गेलेल्या आईच्या मतदान कार्डाच्या मधे. संध्याकाळी बायको रिक्षातून उतरून घरी येते, केसांवर रस्त्याची धूळ. ती चप्पल काढत असते, तोवर अण्णा टीव्हीचा आवाज बारीक करून मला विचारतात, "आज काय भाव?"

मी फोन बघतो. तसल्या कोऱ्या कार्डाचा भाव मेला चढतोच आहे. "वाढलाय," मी सांगतो.

"आजून थोडं थांब, पोरी," अण्णा तिला म्हणतात. "मंग मोरपंखी गाडी."

"हो ना, अण्णा," ती म्हणते आणि तोंड धुवायला आत जाते.